गाडीचा खांदा

चि. ईशान आणि चि. मृण्मयी,

गेल्या रविवारी फोनवर ईशान फार वैतागलेला होता. त्याने तिकडे कुठल्याशा कोठारातून एक जुनी इंग्लिश मोटरसायकल उचलून आणली, महिनोन्‌महिने खपून ती उभी केली, आणि आता नोंदणीवाले ती रस्त्यावर येऊ देत नाहीत. कागद आणा, नंबर दाखवा, पुन्हा या. "आजी, तुला नाही कळायचं," तो म्हणाला, "चेसिस नंबर म्हणजे काय भानगड असते ते." मी त्याला सांगितलं की चेसिस नंबर मला चांगला माहीत आहे, आणि त्याला लागलेलं तूप-हळदसुद्धा मी पाहिलेलं आहे. मग मृण्मयी मागून ओरडली, "आजी, सांग!"

फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. म्हणून लिहिते. ती पाहिलेलं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलंही नाही.

मी तेव्हा नुकतीच नागपूरहून इंग्रजी घेऊन बी.ए. होऊन घरी परतले होते. घर नाचणगावात, पुलगावला अगदी लागून. लग्न ठरायचं होतं, आणि तोवर घरातल्या तमाम कागदांना भोकं पाडून दोरी लावणं हा माझा उद्योग होता. आमच्या भिंतीला भिंत लावून गुरांचे सरकारी डॉक्टर राहायचे. नाव गुलाबराव. गाव त्यांना ढोरडाक्टर म्हणायचं आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

"मानसाची डाक्टरकी काय मोठी गोष्ट हाये?" ते म्हणायचे. "मानूस सोताच सांगते, मले इथं दुखते मनून. माह्या पेशंटाले हात लावून पुसावं लागते."

पुसणं म्हणजे आपल्याकडे विचारणं. हात लावून पुसावं लागते, हे त्यांचं पालुपद होतं आणि ते फक्त गुरांपुरतं नव्हतं. समोर आलेल्या कुठल्याही वस्तूला हात लावल्याशिवाय हा माणूस पुढे जातच नसे. आमच्याकडे आले की आधी दाराच्या चौकटीवर तळवा, मग माठाच्या पोटावर, मग डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायावर. "याले वारं झालं," असं निदान करून ते पायाखाली लाकडाची ढलपी सरकवत. लहान मुलं त्यांना पाहून पळत, कारण ते पकडून डोळ्याची खालची पापणी ओढून बघत. देह दांडगा, खाकी अर्धी विजार, आवाज तीन गल्ल्या ऐकू जाईल असा. पण हात इतका हलका की मारकी म्हैससुद्धा त्यांच्या हाताखाली डोळे मिटायची.

अशाच एका म्हशीमुळे ती मोटरसायकल आली. पुलगावच्या एका जिनिंगच्या शेटजींची म्हैस अडली होती. गुलाबरावांनी रेडकू फिरवून बाहेर काढलं, आणि हात धुवायला म्हणून मागच्या छपरीत गेले ते तिथेच खिळले. सरकीच्या पोत्यांखालून एक चाक डोकावत होतं. जिनिंगच्या कुणा इंग्रज इंजिनिअरने विलायतेहून बोटीने आणवलेली, पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातली मोटरसायकल. साहेब मायदेशी गेला, गाडी राहिली, उंदरांनी गादी खाल्ली.

"वो तो कबाड़ है, डॉक्टर साहब," शेटजी म्हणाले. "ले जाइए, जगह खाली होगी।"

फुकट घेणं गुलाबरावांना मान्य नव्हतं. सरकारी माणूस. त्यांनी भंगाराच्या भावाने रीतसर विकत घेतली, पावती घेतली, आणि मुनीमजींना कपाट उपसायला लावून मुंबई बंदराचा जुना जकातीचा कागदही मिळवला. त्यावर इंजिनाचा नंबर होता आणि चौकटीचा, म्हणजे चेसिसचाही.

मग त्यांच्या ओसरीवर जे सुरू झालं ते अख्ख्या गल्लीचं नाटकघर झालं. एकेक भाग सुटला की तो रॉकेलमध्ये न्हाऊन, पुसून, नावानिशी सुतळीने बांधून ठेवलेला. नावं मात्र त्यांची स्वतःची. इंजिन म्हणजे काळीज, पेट्रोलची टाकी म्हणजे कोठा, हँडल म्हणजे शिंगं. पट्टा पिठाच्या गिरणीचा कापून बसवला. गादी बैलाच्या साजाच्या कातड्याची शिवून घेतली. आणि रंग! काळ्या रंगाचा हात द्यायचा, वाळला की घोटायचा, पुन्हा हात, पुन्हा घोटणं. किती हात दिले हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. शेवटी त्या चौकटीत बघून भांग पाडता येत होता.

"माह्या ओसरीत लोखंडाचं वासरू वाढून राह्यलं," त्यांच्या पत्नी सुभद्राकाकू म्हणायच्या. काकू अल्लीपूरच्या, मोठ्या शेतकरी घरातल्या. बोलायच्या कमी, पण बोलल्या की नेमकं बोलायच्या.

हा नुसता षोक होता असं समजू नका. पावसाळ्यात घटसर्पाची साथ यायची. सकाळी चरणारा बैल संध्याकाळी घसा सुजून आडवा. इंजेक्शन वेळेत पडलं तर वाचायचा, नाही तर नाही. गुलाबराव सायकलवर जात. एकदा देवळीकडच्या एका गावाहून ते परत आले आणि आमच्या पायरीवर बसले. वडिलांना म्हणाले, "मास्तर, मी पोचलो तवा त्याचं आंग गरम होतं. मालक मने, डाक्टर, थोडे आंधी आले असते तं." त्या दिवशी त्यांनी माठाला हात लावला नाही. त्यांना ती गाडी कशासाठी हवी होती हे मला त्या दिवशी कळलं.

गाडी पहिल्यांदा सुरू झाली तो दिवस! ती ढकलत पळायचं आणि मग वर उडी घ्यायची, अशी तिची रीत. गुलाबराव गल्लीत पळाले, उडी मारली, गाडी ठसकली, गप्प झाली. पुन्हा पळाले. पुन्हा. मग एकदम असा धडाका झाला की कोंबड्या छपरांवर, काकू दारात, आणि आमचे वडील, जे कधी घाई करत नसत, ते एका पायात चप्पल घालून बाहेर. गुलाबरावांनी गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं, गळ्यातला स्टेथोस्कोप कानाला लावला आणि गुडघ्यांवर बसून इंजिन तपासलं. सगळी गल्ली निकालाची वाट बघत उभी.

"ठोका बरोबर हाये!" ते ओरडले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पण नोंदणी झाल्याशिवाय ती रस्त्यावर नेणार नाही, हा त्यांचा हट्ट. इथे मी आले.

"काऊन वं बॅरिस्टर," भिंतीवरून त्यांनी मला हाक मारली, "तुह्या इंग्रजीले काही काम देऊ का?"

त्यांना इंग्रजी येत होतं, पण त्यांच्या अर्जाचा मसुदा वाचून मी कपाळाला हात लावला. गाडीचं वर्णन करताना त्यांनी 'स्वभावाने गरीब, लाथ मारत नाही' अशा अर्थाचं लिहिलं होतं. मी ते काढलं. ते कुरकुरले, "खरंच तं हाये!" पण ऐकलं. मी नवा अर्ज लिहिला, नंबर त्यांनी गाडीवर बघून सांगितले तेच घातले, पावती, जकातीचा कागद, सगळं क्रमाने लावून दोरी बांधली.

अर्ज गेला, आणि आपलं राज्यच बदललं. आमचा वर्धा जिल्हा तोवर मध्य प्रदेशात होता, तो मुंबई राज्यात आला. फाइल परत आली: नव्या राज्याच्या नव्या नमुन्यात अर्ज करावा.

"पाह्य वं," गुलाबराव गाडीच्या टाकीवर थोपटत म्हणाले, "गाडी ओसरीतून हालली नाई, तरी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली. एवढं ॲव्हरेज कोन्या गाडीचं हाये?"

मी पुन्हा अर्ज लिहिला.

अखेर पाहणीचं पत्र आलं. निरीक्षक पुलगावला विश्रामगृहाच्या आवारात मुक्कामी येऊन गाड्या तपासायचे. आता प्रश्न असा, की नोंदणी नसलेली गाडी रस्त्याने न्यायची कशी? गुलाबरावांनी शेजारच्या पाटलांची बैलबंडी मागितली. खाली गवताचा थर, वर मोटरसायकल, शिंगांना म्हणजे हँडलला दोन्हीकडून दोर, आणि गुलाबराव एका हाताने गाडी धरून बसलेले. पुढे बैल, मागे अर्धं नाचणगाव. वडिलांसोबत मीही चालत होते, फाइल छातीशी धरून.

"डाक्टर, गाडी चालवून राह्यले का गाडीले फिरवून राह्यले?" पारावरून कोणी तरी ओरडलं.

"बाळंतीन हाये, माहेरी नेतो!" त्यांनी वरूनच उत्तर दिलं.

निरीक्षक नागपूरकडचे होते, सडपातळ, चष्मा, मोजकं बोलणं. बंडीवरून उतरणारी मोटरसायकल पाहून त्यांच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. इंजिनाचा नंबर त्यांनी कागद ठेवून वरून पेन्सिल घासून उतरवून घेतला. बरोबर जुळला. मग ते चौकटीकडे वळले.

"अर्जात चौकटीचा नंबर लिहिलाय तो कुठला, डॉक्टर?"

"हा इथला, साहेब. मानेवरचा," गुलाबरावांनी हँडलखालची जागा दाखवली. ती त्यांनी खास चकचकीत ठेवली होती.

"आणि बंदराच्या कागदावर वेगळाच नंबर आहे."

"थो बंदराचा कारकून चुकला असन, साहेब. नंबर तं इथंच हाये. डोळ्यानं दिसून राह्यला."

निरीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "हे आकडे वर आलेले आहेत. साच्यातून ओतताना उठलेले. अशा सगळ्या गाड्यांच्या त्या भागावर हेच आकडे असणार. गाडीचा स्वतःचा नंबर ठोकलेला असतो, आत गेलेला. तो कुठे आहे?"

गुलाबराव गाडीभोवती फिरले. सगळीकडे त्यांचाच तो आरशासारखा रंग.

"कुठे ठोकतात, साहेब?" माझ्या वडिलांनी विचारलं.

"प्रत्येक कारखान्याची जागा वेगळी. एवढी जुनी मी पाहिलेली नाही." मग ते हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर, आज माझ्यासमोर काय आहे सांगू? कागदावर एक गाडी, आणि समोर दुसरी चौकट. दुसऱ्या कुणाची चौकट घेऊन त्यात हे इंजिन बसवलं, असंच कोणीही म्हणेल. पुढच्या मुक्कामाला मला खरा नंबर दाखवा. नाही दाखवलात तर गाडी ताब्यात घ्यावी लागेल, आणि तुम्ही सरकारी नोकर आहात, तुमच्या खात्याला कळवावं लागेल."

परत येताना बंडीवर गुलाबराव बसले नाहीत. बैलांच्या बाजूने चालत राहिले, एकाच्या पाठीवर हात ठेवून.

त्यानंतर त्यांनी गाडीचा पुढचा भाग खरवडायला घेतला. मान, शिंगं, पुढचे पाय. इतक्या प्रेमाने चढवलेला रंग दिवसेंदिवस काढला. काही निघेना. मी एकदा भिंतीवरून म्हटलं, "काका, मागच्या बाजूला बघायचं का?"

"मांगं?" ते चिडले. माझ्यावर कधी चिडत नसत. "सरकारी वळूचा बिल्ला कुठी असते? कानात! नंबर डोक्यापाशीच असते वं. शेपटीले कोनी बिल्ला लावते का?"

सगळी नोकरी गुरांच्या कानातले बिल्ले वाचण्यात गेली होती. यंत्र बनवणाऱ्यानेही तसंच केलं असणार, यात त्यांना शंकाच नव्हती. आणि मी अर्ज लिहिणारी, गाडीत मला काय कळत होतं!

पोळा आला. तुम्ही पोळा पाहिलेला नाही, म्हणून सांगते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून दुखावलेला खांदा गरम तूप-हळदीने पळसाच्या पानाने शेकायचा, चोळायचा, आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. गुलाबराव त्या संध्याकाळी दरवर्षी कंदील घेऊन घरोघर जायचे, प्रत्येक बैलाचा खांदा बघायचे, कुठे गाठ आहे, कुठे सोलवटलंय. तो त्यांचा वर्षाचा सगळ्यात आवडता दिवस. त्या वर्षी मात्र दिवे लागले तरी ते ओसरीवर बसून होते.

काकू आतून वाटी घेऊन आल्या. तुपाचा वास भिंतीपलीकडे आला म्हणून मी डोकावले.

"हे काहाले?" गुलाबरावांनी विचारलं.

"घरात बैल नाई," काकू म्हणाल्या. "पन हे तं हाये. उद्या हेच तुमाले वाहून नेईन, देवानं केलं तं. शेकते खांदा."

गुलाबराव इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. "शेक बापा. शेक." आणि त्यांनी हँडलखालची खरवडलेली जागा दाखवली. "हा पाह्य, हा खांदा."

"थो नाई खांदा. थे मान हाये."

"मानेपाशीच खांदा असते ना?"

"अहो, जू जिथं बसते थो खांदा. वजन जिथं पडते." काकूंनी गादीवर थाप मारली. "तुमी एवढे धिप्पाड, बसान कुठी? इथं. मंग खांदा बी इथं. आमच्या अल्लीपूरले तरी असंच हाये, तुमच्या कालेजात काय शिकवलं मले मालूम नाई."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. काकू खाली बसल्या, पळसाच्या पानावर गरम तूप-हळद घेतली आणि गादीच्या खाली, जिथे चौकटीचे दांडे एकत्र येतात, तिथे चोळू लागल्या. अगदी बैलाला चोळावं तसं, हळूहळू, गोल. मग त्यांचा हात थांबला.

"अहो, इथं खड्डे हायेत."

"काहाचे खड्डे? घोटून घोटून कागदावानी केलं मी."

"मंग हात लावून पुसा ना तिले," काकू म्हणाल्या.

गुलाबराव उठले. त्यांनी बोट आत घातलं. मी त्यांचा चेहरा बघत होते, आणि म्हशीच्या पोटात हात घातल्यावर रेडकाचा पाय सापडला की होतो, तसा तो झाला.

"बॅरिस्टर! कंदील! फाइल!"

भिंत ओलांडून कशी गेले ते विचारू नका. काकूंनी पदराने वरवरचं तूप पुसलं, आणि जे खड्ड्यांत बसलं होतं ते तसंच राहिलं. काळ्या रंगावर हळदीचे पिवळे आकडे. मी कंदील धरून एकेक वाचू लागले, आणि ते जकातीच्या कागदावर बोट ठेवून प्रत्येक आकड्याला "हाये!" म्हणत होते. शेवटचा आकडा तीन की आठ ते कळेना. कागदावर आठ होता. काकूंनी आणखी थोडी हळद लावली, पुसली, आणि डावीकडची अर्धी गोलाई उजळून आली.

"आठ," मी म्हटलं.

"हाये!" ते इतक्या जोरात ओरडले की गल्लीतले सगळे बैल उठून उभे राहिले.

मग ते अनवाणीच निघाले, कंदील घेऊन, खांदे बघायला. वडील नंतर हसत सांगायचे, की त्या संध्याकाळी गावातल्या प्रत्येक बैलाच्या खांद्याला त्यांनी हात लावला आणि प्रत्येकाच्या कानात आधी तो नंबर सांगितला.

पुढच्या मुक्कामाला पुन्हा बंडी, पुन्हा मिरवणूक, या वेळी पोळ्याची झूल मोटरसायकलच्या पाठीवर. निरीक्षकांनी गादीखाली कागद लावून पेन्सिल घासली. कागदावर आकडे उठले, आणि भोवती तेलकट पिवळा डाग. त्यांनी तो नाकाशी नेला.

"हे काय लावलंय, डॉक्टर?"

"खांदशेकनी झाली, साहेब."

निरीक्षकांनी तो कागद घडी करून फाइलमध्ये ठेवला. "आमच्याकडे थोडा ओवा पण घालतात," ते म्हणाले, आणि सही केली.

बंडी रिकामी परत आली. गुलाबराव गाडीवर आले, भोंगा वाजवत, आणि त्यांच्या मागे, दोन्ही हातांनी गादी घट्ट धरून, डोळे गच्च मिटून, सुभद्राकाकू.

थोड्याच दिवसांत देवळीकडून निरोप आला: बैल घसा सुजून बसलाय. गुलाबराव पळाले, उडी मारली, धडाका झाला, धूळ उरली. आम्ही सगळे कामं सोडून ओट्यांवर बसून होतो. परत येताना तो आवाज लांबूनच ऐकू आला. त्यांनी गाडी थांबवलीच नाही, आमच्या दारासमोरून जाताना दोन्ही हात सोडून ओरडले, "उभा झाला! पानी प्याला!" आणि पुढे जाऊन पाटलांच्या उकिरड्यात शिरले. तिथूनही हसण्याचाच आवाज आला.

त्याच हिवाळ्यात माझं लग्न झालं. निघायच्या आधी गुलाबराव एक लाकडी नंदी घेऊन आले, चाकं लावलेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मुलं असे नंदी ओढत नेतात. "तुह्या पोरासाठी," ते म्हणाले. मी लाजून मान खाली घातली, तर त्यांनी माझी पापणी ओढून बघितली. "रक्त कमी हाये. गूळ-शेंगदाने खात जाजो, बॅरिस्टर."

पुलगावहून आमची आगगाडी सुटली. खिडकीशी मी रडत बसले होते. गाव संपल्यावर एक फाटक लागतं. ते बंद होतं, आणि पलीकडे बंड्यांच्या रांगेत सगळ्यांत पुढे काळी मोटरसायकल. औषधांची पेटी मागे बांधलेली. ते मला निरोप द्यायला आलेले नव्हते, कुठल्या तरी गावी निघाले होते आणि फाटकात अडकले होते. त्यांनी मला पाहिलंसुद्धा नाही. ते वाकून, एक हात इंजिनावर ठेवून, तिला काही तरी सांगत होते. बहुधा हेच, की जरा थांब, आता उघडतेच.

मी पहिल्यांदा माहेरी आले तोवर त्यांची चांद्याकडे बदली झाली होती. गुलाबरावांची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही. मोटरसायकल पुढे कुणाकडे गेली, ते मला माहीत नाही.

नंदी माझ्या पुस्तकांच्या कपाटावर आहे. त्याचं एक चाक गेलंय आणि उजवं शिंग तुमच्या बाबाने लहानपणी चावलेलं आहे. उलटा केला की पोटाखाली, वजन पडतं त्या जागी, गुलाबरावांनी चाकूने कोरलेला चौकटीचा नंबर दिसतो. त्यात भरलेली हळद आता फिकी पडली आहे, पण शेवटच्या आठासकट सगळे आकडे वाचता येतात.